फकिराचा वारस कोण? शिर्डी, १९१८ ते आज

‘देवस्थानांचा कारभार आणि कायदा’ हा विषय घेतला की बहुतेक संशोधन-प्रस्ताव १९५० पासून सुरू होतात. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला, धर्मादाय आयुक्त आले, मग नोंदणी, हिशेब, ऑडिट. गाईडलाही हे सोयीचं वाटतं, कारण कलमं क्रमाने मांडता येतात. पण यातला मूळ प्रश्न कलमांच्या आधीचा आहे: लोकांनी श्रद्धेने दिलेली वस्तू नेमकी कुणाची? आपल्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहिला तो शिर्डीत, १९१८ साली. म्हणून आज तिथून सुरुवात करू.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, साईबाबांनी देह ठेवला. मागे मालमत्ता म्हणावी असं जवळजवळ काही नव्हतं. रोज दक्षिणा मागायची आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाकायची, ही त्यांची रीत. म्हणजे वारसाहक्काच्या नेहमीच्या चौकटीत बसावं असं काहीच नाही: बायको-मुलं नाहीत, मृत्युपत्र नाही, नेमलेला शिष्य नाही, जात-धर्माचीही खात्री नाही. आणि तरीही दुसऱ्याच दिवसापासून वाद सुरू झाला, कारण एक गोष्ट मागे उरली होती. देह.

गावातल्या मुसलमान भक्तांचं म्हणणं, मोकळ्या जागेत दफन करून कबर बांधावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नागपूरचे श्रीमंत भक्त बुट्टी यांनी मुरलीधराच्या मंदिरासाठी म्हणून बांधायला घेतलेल्या वाड्यातच ठेवावं. गोविंद रघुनाथ दाभोलकर म्हणजे हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त याचं वर्णन आहे. कोपरगावचे मामलेदार आले, त्यांनी लोकांचा कौल घेतला, आणि वाड्याच्या बाजूने दुप्पट मतं पडली. तरी प्रकरण नगरला कलेक्टरकडे न्यायचं ठरत होतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने माघार घेतली.

हा प्रसंग भक्तिग्रंथात आहे म्हणून तो सोडून देऊ नका. एका संताच्या समाधीची जागा महसूल खात्याच्या अधिकाऱ्यासमोर मतं मोजून ठरते, हा कायद्याच्या इतिहासातला फार बोलका पुरावा आहे. मामलेदाराला तसा अधिकार कोणत्या कलमाने होता? माझ्या मते हा प्रश्न त्या क्षणी कुणालाच पडला नसावा. तंटा मिटवणारं सर्वांत जवळचं माणूस म्हणजे मामलेदार, एवढंच.

पुढची चार वर्षं जास्त महत्त्वाची आहेत. भक्त येत राहिले, देणग्या येत राहिल्या. घेणारा मात्र आता नव्हता. पूर्वी बाबांच्या हातात पडलेला रुपया बाबांच्या मर्जीने जायचा; आता समाधीसमोर ठेवलेला रुपया कुणी उचलायचा? इथे हरी सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित महत्त्वाचे ठरतात. मुंबईचे सॉलिसिटर, कायदे कौन्सिलाचे सदस्य राहिलेले, आणि बाबांचे निष्ठावंत भक्त. भक्तीला कायद्याचं कुंपण लागतं हे कळणारा माणूस त्या वर्तुळात होता, हा योगायोग थोडा नाही. १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयामार्फत सार्वजनिक विश्वस्त संस्था उभी राहिली आणि दीक्षित तिचे मानद चिटणीस झाले.

जिल्हा न्यायालयच का? कारण १९५० च्या आधी धर्मादाय आयुक्त हे पदच नव्हतं. त्या काळी मार्ग होता दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९२ चा. सार्वजनिक धार्मिक किंवा धर्मादाय विश्वस्तव्यवस्थेत हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती, अ‍ॅडव्होकेट जनरलची परवानगी घेऊन (जिल्ह्यांत सरकारच्या मंजुरीने हे अधिकार कलेक्टरकडे देता येत), कोर्टात जाऊ शकत होत्या. कोर्ट विश्वस्त नेमू किंवा काढू शकत असे, हिशेब मागू शकत असे आणि ‘योजना’ ठरवून देऊ शकत असे. जुन्या कागदांत ‘स्कीम’ शब्द दिसला की सरकारी योजना समजू नका. ती त्या संस्थेची कोर्टाने दिलेली घटना असते.

आता यातली खोच बघा. कलम ९२ फक्त विश्वस्तव्यवस्थेबद्दल विचारतं: ती सार्वजनिक आहे का, तिचा हेतू काय, कारभार कोण पाहील. सेवा कुणी केली हे ते विचारत नाही. आणि शिर्डीत सेवा करणारा माणूस होता. अब्दुल बाबा. १८९० च्या आसपास ते शिर्डीत आले, झाडलोट, दिवाबत्ती, पाणी भरणं अशी कामं वर्षानुवर्षं केली, आणि बाबांच्या पश्चात समाधीची देखभाल तेच बघत होते. संस्थान स्थापन झाल्यावर ती व्यवस्था विश्वस्तांकडे गेली. एका वकिलाच्या सल्ल्याने अब्दुल बाबांनी आपण कायदेशीर वारस असल्याचा दावा केला आणि तो टिकला नाही, असं त्यांच्यावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवलंय. त्यात काही काळ त्यांची खोली आणि जेवणही गेलं; ते पुढे परत मिळालं. १९५४ मध्ये ते वारले. त्यांची कबर लेंडीबागेजवळ आहे.

दर्ग्यांच्या परंपरेत मुजावर ही मान्य भूमिका आहे, तेव्हा अब्दुल बाबांचा दावा हास्यास्पद नव्हता. पण फकिराचं काही नसतंच, तर वारस कशाचा, हा प्रतिवादही तितकाच खरा. विश्वस्तपणाची कल्पना इथे जिंकली आणि मला वाटतं ते बरंच झालं: विश्वस्त मालक नसतो, हिशेब द्यायला बांधलेला असतो, आणि त्याला काढता येतं. वारसाला काढता येत नाही. मात्र आयुष्यभर राबलेल्या माणसाचं काय देणं लागतं, या प्रश्नाला कोर्टाच्या योजनेत रकाना नव्हता. कायदेशीर जबाबदारी पार पाडूनही नैतिक जबाबदारी उरते ती इथे.

१९५० नंतरचं थोडक्यात. नव्या कायद्याने नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण सक्तीचं केलं. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. त्यावर रतिलाल पानाचंद गांधी खटला झाला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धार्मिक संस्थेच्या मालमत्तेच्या कारभारावर राज्य नियमन करू शकतं, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त करून बसवता येणार नाही. हा निकाल मुळातून वाचा, कुणाच्या नोट्सवरून नको. संविधानाच्या अनुच्छेद २६ मधला ‘धर्माच्या बाबी’ आणि ‘मालमत्तेचं प्रशासन’ हा फरक तिथे नीट कळतो.

शिर्डीसाठी २००४ मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार सरकारकडे गेला. त्यामुळे प्रश्न उलटा झाला. १९२२ मध्ये भीती होती की कुणी एक माणूस समाधीचा मालक होईल. आता भीती अशी की सत्तेतला पक्ष होईल. २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायचं ठरलं, तेव्हा हाच वाद पेटला. पाणी दुष्काळी गावांना हवंच होतं, पण भक्ताने पेटीत टाकलेला पैसा सरकारच्या कामाला जाऊ शकतो का? सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सरकारने नेमलेली समिती रद्द केली आणि कारभार तात्पुरता जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिला. शंभर वर्षांनी पुन्हा नगरचं जिल्हा न्यायालय!

आणि ऑक्टोबर २०२४ चा आयकराचा निकाल तर प्रबंधात घ्यावाच. हुंडीतल्या निनावी दानावर कर लागावा, कारण ही संस्था फक्त धर्मादाय आहे, धार्मिक नाही, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ती धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे असं ठरवून कर लागत नसल्याचं सांगितलं. मशिदीत धुनी पेटवणाऱ्या फकिराचं वर्गीकरण करताना १९१८ चा मामलेदारही अडखळला होता, हे वाचताना आठवलं.

ज्यांना यावर काम करायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. जुने कागद ‘अहमदनगर’ आणि ‘कोपरगाव तालुका’ या नावांखाली शोधा; राहाता तालुका नंतरचा आणि अहिल्यानगर हे नाव तर अगदी आत्ताचं. शनि-शिंगणापूरसाठीही २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण तिथे चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळण्याचा मुद्दा आधी येतो. तो पुढच्या पोस्टमध्ये घेऊ.