देवधर, दिनकर बळवंत

(१४ जानेवारी १८९२ – २४ ऑगस्ट १९९३). श्रेष्ठ भारतीय क्रिकेटपटू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार व संस्कृतचे प्राध्यापक. जन्म पुणे येथे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात (मूळचे न्यू पूना कॉलेज, स्थापना १९१६) त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले आणि ते सांभाळूनच तीन दशकांहून अधिक काळ प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. संस्थानिकांचा आश्रय नसलेल्या व मुंबईसारखे धनिकांचे पाठबळही नसलेल्या एका विद्यानगरीच्या संघाने देशातील प्रमुख स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. भारतीय क्रीडेतिहासात त्यांचे स्थान मुख्यतः या कामगिरीमुळे निश्चित झाले आहे.

खेळाडू व महाविद्यालय यांचे नाते निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या प्रकारे जुळले. अमेरिकेत बेसबॉलच्या व्यावसायिक संघांतून निवृत्त झालेले चेंडूफेके महाविद्यालयांत वेतन घेऊन प्रशिक्षक होत. १९१२ च्या हंगामात बॉस्टन रेड सॉक्स संघाला ३४ सामने जिंकून देणारे जो वुड यांनी पुढे १९२३ ते १९४२ या काळात येल विद्यापीठाच्या संघाला शिकविले, हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. भारतात त्या काळी असे वेतनी पद महाविद्यालयांत सहसा नसे. पगारी प्रशिक्षक नेमणे प्रामुख्याने संस्थानिकांनाच परवडे. अन्यत्र खेळाचे शिक्षण हे क्लबमधील वडीलधारे खेळाडू, खेळाची आवड असलेले प्राध्यापक व संघनायक यांच्याकडे येई. देवधरांच्या ठायी या तिन्ही भूमिका एकत्र आल्या.

पुण्यात क्रिकेट रुजले ते लष्करी छावणीतील युरोपियनांमुळे. पूना जिमखान्यावर नोकरीस असलेले चर्मकार समाजातील पालवणकर बाळू हे जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यातूनच ते देशातील अग्रगण्य डावखुरे फिरकी गोलंदाज बनले. हिंदू क्लबने त्यांना मैदानावर घेतले, परंतु चहा मात्र वेगळ्या पात्रातून दिला. बाळूंना मैदानावरच्या कामातून जी वाट काढावी लागली, ती पुढच्या पिढीतील सुशिक्षित तरुणांना शाळा-महाविद्यालयांमुळे बरीच सुकर झाली. देवधर हे या दुसऱ्या वाटेने आलेल्या खेळाडूंचे प्रतिनिधी होत. ही वाट ज्यांना उच्च शिक्षण मिळू शकत होते त्यांच्यापुरतीच खुली होती, ही तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

१९११ मध्ये मुंबईच्या तिरंगी सामन्यांत देवधर हिंदू संघाकडून प्रथम खेळले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम्. सी. सी. संघाविरुद्ध मुंबई येथे अखिल भारतीय संघातर्फे त्यांनी १४८ धावा काढल्या. पाहुण्या संघात मॉरिस टेट यांच्यासारखे गोलंदाज होते. हिंदी खेळाडू इंग्लिश गोलंदाजीला तोंड देऊ शकतात, हे या दौऱ्याने दाखवून दिले. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले व १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्‌झवर पहिला कसोटी सामना खेळला. त्या वर्षी देवधर चाळीस वर्षांचे होते आणि इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांची निवड झाली नाही. एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही.

ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्त होतात, त्या वयात देवधरांच्या कारकीर्दीचा महत्त्वाचा भाग सुरू झाला. १९३४–३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धेस प्रारंभ झाला. मुंबईच्या संघास स्वतंत्र स्थान असल्यामुळे महाराष्ट्र संघाच्या वाट्याला पुणे व त्याभोवतालचा जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेला मुलूख आला. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावातील मुलाला क्रिकेटचे पद्धतशीर शिक्षण घ्यावयाचे, तर त्याची वाट बहुधा पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयातूनच जात असे. स्पर्धेची पहिली दोन विजेतेपदे मुंबईने मिळविली; त्यानंतर नवानगर, हैदराबाद व बंगाल हे संघ विजयी ठरले.

१९३९–४० च्या हंगामात देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हा करंडक प्रथमच जिंकला. या हंगामात बडोद्याविरुद्ध पुणे येथे विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक होय. नागरवाला यांच्यासमवेत त्यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भर घातली. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला. पुढील हंगामात देवधरांनी वयाची पन्नाशी जवळ आली असता बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या होय. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मद्रासला नमवून महाराष्ट्राने करंडक स्वतःकडेच राखला. १९४४–४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यानंतर, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके (१०५ व १४१) झळकाविली.

हे यश फार काळ टिकले नाही. त्याचे कारण खेळाच्या दर्जात नसून खेळाडूंच्या उपजीविकेत होते. क्रिकेटवर पोट भरण्याची सोय पुण्यात नव्हती. ती संस्थानी नोकरीत होती. मूळचे सांगलीचे हजारे बडोद्यास गेले. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून त्यांना मिळालेले मार्गदर्शनही देवासच्या महाराजांच्या आश्रयामुळे लाभले होते. चंदू सरवटे इंदूरच्या होळकर संघात दाखल झाले. या संघाने पुढे रणजी करंडक चार वेळा जिंकला. महाविद्यालय खेळाडू घडवू शकत होते. त्याला पोसणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. महाराष्ट्राचा संघ १९७०–७१, १९९२–९३ व २०१३–१४ या हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु तिन्ही वेळा त्याला पराभव पतकरावा लागला.

तथापि देवधरांच्या परंपरेचा प्रभाव करंडकापुरता मर्यादित नव्हता. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात हजारे, सरवटे व जलद-मध्यमगती गोलंदाज रंगा सोहोनी हे होते. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडवर पहिला कसोटी विजय मिळविला. महाराष्ट्राचे यष्टिरक्षक-फलंदाज कमल भांडारकर यांनी नंतर प्रशिक्षक म्हणून नाव मिळविले. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ सुनील गावसकर यांनाही झाला.

देवधरांनी ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष व राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य या नात्यांनीही त्यांनी काम केले. आय लुक बॅक (१९६६) हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र होय. त्यांच्या कन्या तारा, सुंदर व सुमन यांनी बॅडमिंटनमध्ये नाव कमावले. १९६५ मध्ये पद्मश्री व १९९१ मध्ये पद्मभूषण हे किताब देऊन केंद्र शासनाने त्यांचा गौरव केला. १९७३–७४ पासून मर्यादित षटकांच्या आंतरविभागीय सामन्यांसाठी ठेवलेल्या करंडकास त्यांचे नाव देण्यात आले. पुणे येथे वयाच्या एकशेदुसऱ्या वर्षी त्यांचे निधन झाले.

क्रिकेटला राजवाडा किंवा पेढी यांचा आधार असल्याशिवाय ते वाढत नाही, अशी समजूत रूढ असलेल्या काळात देवधरांनी वर्गात शिकविणाऱ्या माणसाच्या साधनांवर एक विजयी संघ उभा केला. त्या संघाची अल्पायुषी सत्ता ही जशी त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे, तशीच ती त्या साधनांच्या मर्यादेचीही आहे.