ब्रह्मचारीतली किशोरी

परवा नातवाने लॅपटॉपवर एक जुना इटालियन विनोदी सिनेमा लावून दिला. पिएत्रो जेर्मी यांचा 'डिव्होर्स इटालियन स्टाईल', १९६१ सालचा. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० मध्ये. म्हणून सिसिलीतला एक जमीनदार बायकोला वाटेतून दूर करायचे डाव रचत बसतो, कारण मन जडलंय नात्यातल्या कोवळ्या मुलीवर. ही मुलगी म्हणजे स्टेफानिया सँड्रेली, तेव्हा जेमतेम १५ वर्षांची. शेवटी होडीत ती पोहण्याच्या कपड्यांत पहुडलेली दिसते आणि नवऱ्याच्या नकळत तिचा पाय खलाशाच्या पायाला लागतो. मी खो खो हसलो, आणि आठवला आपल्या कोल्हापूरचा 'ब्रह्मचारी'!

हंस पिक्चर्सचा हा सिनेमा १९३८ चा, म्हणजे जेर्मींच्या २३ वर्षं आधीचा. दिग्दर्शक मास्टर विनायक. कथा, संवाद, गाणी आचार्य अत्र्यांची. (अत्रे पुण्यात हेडमास्तर होते, आम्हा शिक्षकांना याचा उगाच अभिमान!) औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून पेटतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि थेट संस्थेत दाखल होतो. आणि मग येते किशोरी.

किशोरी झाल्या होत्या मीनाक्षी शिरोडकर. मूळच्या रतन पेडणेकर, जन्म १९१६ चा. त्यांनी पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात गाणं म्हटलं आणि महाराष्ट्रात एकच गहजब झाला. शिव्याही पडल्या, थिएटरंही भरली.

आमचे थोरले काका तेव्हा विशीतले. कोडोलीहून सायकल मारत कोल्हापूरला जाऊन त्यांनी तो पाहिला, घरी मात्र अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो म्हणून सांगितलं. गंमत बघा, जेर्मींच्या सिनेमातही पाद्रीबाबा 'ला डोल्चे व्हिटा' बघू नका म्हणून बजावतात आणि अख्खं गाव तोच बघायला लोटतं. म्हणजे आमचे काका सिसिलीतसुद्धा खपले असते.

मला मात्र एक गोष्ट खटकते. मीनाक्षीबाईंचं नाव निघालं की त्या पोशाखापुढे बोलणं सरकत नाही. सिनेमात हसू होतं ते औदुंबराचं, त्याच्या शपथेचं. किशोरीला लाज वाटत नाही, ती त्याला सरळ खेळवते, म्हणून तर विनोद उभा राहतो. तिथे संकोचणारी नटी असती तर सगळा डाव फसला असता. शिवाय पार्श्वगायनाचा आधार न घेता गाणं बाईंनी स्वतः म्हटलं होतं. पण ही थट्टा कुणाची चालली आहे हे विसरून लोक तिच्याकडेच बघत राहिले, आणि सोवळेपण मिरवायला मोकळे झाले.

मीही त्यातलाच. वर्गात मराठी सिनेमाचा विषय निघाला की 'ब्रह्मचारी'चं नाव घेऊन मी मिशीत हसायचो, पुढे काही सांगायचो नाही. पोरंही हसायची.

मीनाक्षीबाई १९९७ मध्ये गेल्या. त्याच्या बऱ्याच आधी एकदा काका सोप्यावर बसून तीच ती सायकलची गोष्ट रंगवून सांगत होते. काकी जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. काम कसं केलतं तिनं?"

काकांना सांगता आलं नाही.