उंचसखल जमिनीसाठी झिरो-टर्न मोअर : आधी उतार मोजा, मग यंत्र निवडा

बाड हॉम्बुर्ग : फ्रांकफुर्टच्या उत्तरेस, टाउनुस डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात हिरवळीची दोन रूपे शेजारी-शेजारी दिसतात. एक, एकोणिसाव्या शतकात पेटर योझेफ लेने यांनी आखलेल्या कुरपार्कची, गालिच्यासारखी सपाट हिरवळ. दुसरे, किर्डॉर्फ परिसरातून डोंगराकडे चढत जाणारी सफरचंदांच्या जुन्या झाडांची कुरणे. जर्मनीत या कुरणांना ‘श्ट्रॉयओप्स्टवीझे’ म्हणतात. विखुरलेल्या उंच फळझाडांखाली गवत राखण्याच्या या पद्धतीचा समावेश 2021 मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाला.

राइन-माइन परिसरात स्थिरावलेली काही मराठी कुटुंबे आता शहराबाहेर मोठ्या आवाराची घरे घेतात, तर काही जण असे एखादे कुरण भाडेपट्ट्याने सांभाळतात. हाताने ढकलायचे यंत्र अपुरे पडू लागले की ‘झिरो-टर्न मोअर’चा विचार पुढे येतो. हे यंत्र वेगवान, आरामदायी आणि महाग असते. घरगुती यंत्राची किंमत साधारणपणे चार-पाच हजार युरोंपासून सुरू होते, व्यावसायिक यंत्रे दहा हजारांच्या पुढे जातात. मात्र सपाट हिरवळीवर उत्तम चालणारे हे यंत्र उतारावर जिवावर बेतू शकते. म्हणून खरेदीचा क्रम उलटा हवा : प्रथम जमीन, मग सुरक्षितता, त्यानंतर आराम आणि टिकाऊपणा.

यंत्र चालते कसे?

झिरो-टर्न यंत्राचा पाया 1960च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस राज्यात घातला गेला. हेस्टन येथील जॉन रेगियर यांच्या कल्पनेतून पुढे ‘हसलर’ हे नाव रूढ झाले. यंत्राला गोल स्टिअरिंग नसते. चालकाच्या दोन्ही हातांत एकेक दांडा असतो. प्रत्येक दांडा मागच्या एका चाकाचा हायड्रॉलिक पंप नियंत्रित करतो. एक चाक पुढे व दुसरे मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी वळते. झाडाच्या बुंध्याभोवती फिरताना ही सोय मोलाची ठरते.

धोक्याचे मूळही याच रचनेत आहे. पुढची दोन चाके कार्यालयातील खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. त्यांना दिशा नसते आणि ब्रेकही नसतो. वेग, वळण आणि थांबणे या तिन्ही गोष्टी मागच्या दोन चाकांच्या जमिनीवरील पकडीवर अवलंबून असतात. उतरणीवर वजन पुढे सरकते आणि मागची पकड सैल होते. ओल्या गवतावर ती सुटली, तर चालकाच्या हाती केवळ दोन निरुपयोगी दांडे उरतात. आडव्या उतारावर यंत्राचे नाक आपोआप खालच्या बाजूस वळू लागते.

उतार कसा मोजावा?

बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत 15 अंशांची मर्यादा दिलेली असते; काही यंत्रांसाठी ती 10 अंश असते. संबंधित यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. मोजण्यासाठी एक मीटर लांबीची सरळ फळी आणि पाणसळ, म्हणजेच स्पिरिट लेव्हल, पुरेशी आहे. फळीचे एक टोक चढाच्या बाजूस जमिनीवर टेकवून ती आडवी समतल धरावी आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजावे. ते सुमारे 18 सेंटिमीटर भरले, तर उतार 10 अंशांचा. 27 सेंटिमीटर भरले, तर 15 अंशांचा. संपूर्ण जागेची सरासरी काढू नये. सर्वांत तीव्र भाग मोजावा, कारण अपघात सरासरीवर होत नाही.

उतार मर्यादेबाहेर असेल, तर झिरो-टर्नचा विचार तेथेच थांबवावा. अशा जागेसाठी उतारावर चालण्यासाठीच बनवलेले चारचाकी चालनाचे यंत्र, उदाहरणार्थ जर्मनीतील आ-एस मोटरचे ‘शेर्पा’, किंवा मागे चालत चालवायचे कातरपट्टीचे यंत्र योग्य ठरते. मर्यादेच्या आतही बांध, चर वा पाण्याच्या कडेपासून यंत्राच्या दोन रुंदींइतके अंतर राखण्याची सूचना अनेक पुस्तिकांत असते.

संरक्षक कमान आणि फांद्या

यंत्र उलटल्यास चालक चिरडला जाऊ नये, म्हणून आसनामागे पोलादी संरक्षक कमान असते. कमान उभी असताना आसनपट्टा बांधलाच पाहिजे. ती दुमडलेली असताना पट्टा बांधू नये, कारण तेव्हा यंत्राखाली अडकण्याचा धोका वाढतो. जुन्या पद्धतीच्या उंच सफरचंद झाडाचे खोड साधारण 1.80 मीटरचे असते आणि फळांनी लगडलेल्या फांद्या त्याहून खाली झुकतात. अशा वेळी अनेक जण कमान दुमडतात आणि नंतर ती तशीच राहते. सुरक्षित मार्ग वेगळा आहे : फांद्यांखालचा पट्टा हाती धरायच्या यंत्राने कापावा आणि कमान उभीच ठेवावी.

गावाकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा मांडीवर लेकरू बसवून फेरी मारण्याची हौस अनेकांनी अनुभवलेली असते. ती येथे पूर्णतः वर्ज्य मानावी. पाती फिरत असताना मुले आवारात नव्हे, घरात असावीत.

आराम म्हणजे केवळ मऊ गादी नव्हे

उंचसखल जमिनीवर हादरे तीन ठिकाणी शोषले जातात : टायर, सांगाडा आणि आसन. स्वस्त यंत्रांत केवळ जाड गादी असते. त्यापुढे स्प्रिंग असलेले आसन येते. टोरोच्या ‘मायराइड’ प्रणालीत आसन आणि पायाखालची फळी एकत्रितपणे झुलती असते. फेरिसच्या यंत्रांत चाकांनाच सस्पेन्शन दिलेले असते. चाकांचे सस्पेन्शन केवळ पाठ वाचवत नाही, ते चाकांचा जमिनीशी संपर्कही राखते. आसनाची स्प्रिंग चालकाच्या वजनानुसार जुळवता येते का, हे पाहावे.

नोकरीनिमित्त यंत्र चालवणाऱ्यांसाठी जर्मनीत शरीराला बसणाऱ्या कंपनांची मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही पातळी ओलांडली, की मालकाने उपाय योजणे आवश्यक ठरते. उभ्या दिशेतील कमाल मर्यादा 0.8 आहे. घरमालकाला हा नियम लागू नसला, तरी पुस्तिकेतील कंपनाचा आकडा दोन यंत्रांच्या तुलनेस उपयोगी पडतो. सर्वांत स्वस्त सस्पेन्शन मात्र वेग कमी करणे हेच. खडबडीत जागी चालण्याच्या गतीहून फार पुढे जाऊ नये.

पुढची भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण हादरे अधिक देतात. ब्लॅकबेरीचे काटे जेथे विपुल, तेथे ती परवडतात. इतरत्र हवेची टायर बरी.

टिकाऊपणाच्या चार खुणा

पहिली खूण पात्यांवरील आवरणाची, म्हणजे डेकची. साच्यात दाबून केलेला पत्रा हलका असतो. जाड पत्रे वेल्डिंग करून जोडलेला डेक दगड आणि मुळांचा मार सोसतो. येथे ‘गेज’चा आकडा फसवा असतो. तो जितका लहान, तितका पत्रा जाड : 12 गेज म्हणजे सुमारे 2.7 मिलिमीटर, 10 गेज सुमारे 3.4, तर 7 गेज सुमारे 4.5.

दुसरी खूण पात्यांच्या स्पिंडलची. त्याचे घर मजबूत असावे आणि बेअरिंगना ग्रीस देण्याची सोय असावी.

तिसरी खूण हायड्रॉलिक चालनाची. हायड्रो-गिअर कंपनीची ‘ईझेडटी’ मालिका हलक्या घरगुती यंत्रांत आढळते आणि तिला बदलता येणारा बाह्य फिल्टर नसतो. ‘झेडटी-3100’ वा ‘झेडटी-3400’सारख्या वरच्या श्रेणींत तेल व फिल्टर बदलता येतात. चढणीवर सतत ताण सोसणाऱ्या यंत्रासाठी हा फरक निर्णायक आहे.

चौथी खूण विक्रेत्याची. जवळपास दुरुस्ती आणि सुटे भाग मिळतील असेच यंत्र घ्यावे. ग्राहकाने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या नव्या वस्तूला जर्मनीत दोन वर्षांचे कायदेशीर दोषसंरक्षण असते. 1 जानेवारी 2022पासून पहिल्या वर्षभरात उघड झालेला दोष विक्रीच्या वेळी नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. खासगी व्यक्तीकडून जुने यंत्र घेताना हे संरक्षण करारातून वगळलेले असू शकते.

कायदा आणि कुरण

निवासी वस्तीत रविवारी व सुट्टीच्या दिवशी दिवसभर, तसेच इतर दिवशी रात्री 8 ते सकाळी 7 या वेळेत मोअर चालवता येत नाही. यंत्र दूरच्या कुरणावर न्यायचे, तर ट्रेलर हवा. 750 किलोच्या मर्यादेत ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरले जाते, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.

जमिनीखाली बिळे करणारा मोल हा प्राणी मातीचे ढीग उकरतो. ढिगांमुळे पाती बोथट होतात आणि यंत्र उसळते. परंतु जर्मनीत मोल संरक्षित असल्याने त्याला पकडणे वा मारणे निषिद्ध आहे. कापणीपूर्वी दाताळ्याने ढीग पसरवणे एवढाच उपाय उरतो. मे-जूनमध्ये उंच गवतात हरणांची पिल्ले निपचित पडून राहतात, म्हणून आधी पायी फेरी मारणे आवश्यक आहे.

1 मार्च 2022पासून श्ट्रॉयओप्स्टवीझे संघीय निसर्गसंरक्षण कायद्याखाली संरक्षित अधिवासांत मोडतात. अशा कुरणाला वर्षातून एक-दोनदा कापणी आणि कापलेले गवत उचलणे मानवते. झिरो-टर्न गवताचा भुगा करून तेथेच टाकते. वारंवार असे झाल्यास रानफुले मागे हटतात. त्यामुळे कुरणात या यंत्राचे योग्य काम म्हणजे पायवाटा आणि फळे वेचण्याच्या जागा नीट राखणे. उरलेले गवत कातरपट्टीच्या यंत्रावर किंवा विळ्यावर सोडावे.

थोडक्यात, जमीन 10 अंशांच्या आत, कोरडी आणि मोकळी असेल, तर सस्पेन्शन, जाड डेक आणि बदलता येणारे फिल्टर असलेले झिरो-टर्न अनेक वर्षे साथ देते. 10 ते 15 अंशांदरम्यान पुस्तिका परवानगी देत असेल, तरच आणि कोरड्या दिवशीच ते चालवावे. त्यापुढील उतारासाठी कितीही महाग झिरो-टर्न योग्य नाही. विक्रेत्याकडे जाताना किमतींच्या यादीपेक्षा फळीखाली मोजलेले ते सेंटिमीटर सोबत नेणे अधिक हिताचे.