घोड्यांचा फ्लू आणि माणसांना असलेला धोका

घोडा, खेचर आणि गाढव यांना होणारा इन्फ्लुएन्झा हा श्वसनमार्गाचा अतिशय झपाट्याने पसरणारा आजार आहे. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, कोरडा ठसका सुरू होतो, नाक वाहू लागते आणि जनावर चारा सोडते. खोकल्याबरोबर उडालेल्या तुषारांतून विषाणू शेजारच्या ठाणावर पोचतो आणि काही दिवसांत सबंध पागा आजारी पडते. धडधाकट घोडा दोन-तीन आठवड्यांत सावरतो. दगावतात ती मुख्यतः शिंगरे, म्हातारी जनावरे आणि तापातही कामाला जुंपलेली जनावरे. हा विषाणू इन्फ्लुएन्झा ‘ए’ गटातला, म्हणजे माणसांमध्ये जागतिक साथी घडवणाऱ्या विषाणूंच्याच कुळातला आहे. त्यामुळे घोड्याचा फ्लू माणसाला होतो का, हा प्रश्न वैद्यकात दीर्घकाळ विचारला जात आहे.

सुरुवातीला या प्रश्नाला आधार होता तो केवळ योगायोगाच्या नोंदींचा. अठराव्या शतकातल्या युरोपीय वैद्यांनी अनेकदा लिहून ठेवले की, माणसांमध्ये खोकल्या-तापाची साथ आली त्याच सुमारास घोडेही खोकत होते. १७७५च्या साथीत लंडनचे जॉन फॉदरगिल यांनी ठिकठिकाणच्या वैद्यांकडून माहिती मागवली, तेव्हा घोडे आणि कुत्रे आजारी पडल्याचाही उल्लेख झाला. पण त्या काळी रोगजंतूंची कल्पनाच रुजलेली नव्हती. साथींचे खापर हवामानावर फोडले जाई. शिवाय घोड्यांच्या वाहत्या नाकामागे ग्लँडर्ससारखे वेगळे रोगही असत. अशा नोंदींवरून ठाम काही सांगता येत नव्हते.

मोठी कसोटी लागली ती १८७२ मध्ये, उत्तर अमेरिकेत. सप्टेंबरअखेरीस कॅनडात टोरंटोच्या आसपासच्या गावांत घोडे आजारी पडू लागले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजार शहरातल्या तबेल्यांत शिरला आणि महिना संपण्याआधी न्यूयॉर्क आणि बॉस्टनला पोचला. वर्षअखेरीस तो क्यूबात होता आणि १८७३च्या वसंतात पॅसिफिक किनाऱ्यावर. बहुतेक ठिकाणी शेकडा एक-दोन घोडे मेले, काही ठिकाणी हे प्रमाण दहापर्यंत गेले. पण एकाच वेळी जवळजवळ सगळेच घोडे आजारी पडल्याने शहरांचा गाडा थांबला. ट्रामगाड्या बंद पडल्या, बंदरांतला माल पडून राहिला, कुठे बैल जुंपले गेले तर कुठे माणसांनीच गाड्या ओढल्या. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बॉस्टनमध्ये भीषण आग लागली, तेव्हा अग्निशमन दलाचे घोडे आजारी असल्याने बंब माणसांनी ओढत नेले. आगीत ७७६ इमारती खाक झाल्या. बंब हाताने ओढल्यामुळे झालेला उशीर मात्र फार मोठा नव्हता, असे पुढे चौकशीत आढळले.

न्यूयॉर्कचे वैद्य अॅडोनिराम जडसन यांनी या साथीच्या तारखा आणि गावे जुळवून नकाशे तयार केले. आजार वाऱ्याच्या दिशेने पसरला नव्हता. तो घोड्यांच्या वाहतुकीच्या मार्गांनी गेला होता आणि ही वाहतूक जिथे तुटली होती तिथे तो उशिरा पोचला होता. हवामानाच्या सिद्धान्ताला हा मोठा धक्का होता. माणसाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. मोतद्दार, गाडीवान आणि नालबंद आजारी घोड्यांच्या श्वासाच्या अंतरावर दिवसरात्र वावरत होते, तरीही घोड्यांच्या साथीच्या तोडीची साथ माणसांत उसळली नाही.

इन्फ्लुएन्झाची म्हणून ओळखली जाणारी जागतिक साथ माणसांत आली ती १८८९ मध्ये, रशियन साम्राज्यातून. तिचा घोड्यांशी संबंध जोडला गेला तो फार पुढे, रक्ततपासणीमुळे. १९६०च्या दशकात वृद्धांच्या रक्तद्रवात घोड्यांच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्यांमध्ये ती होती, नंतर जन्मलेल्यांमध्ये क्वचितच. यावरून त्या काळी माणसांत घोड्यांच्या विषाणूसारखाच एखादा विषाणू फिरत असावा, असा तर्क मांडला गेला. मात्र तो घोड्यांकडूनच आला, हे यातून सिद्ध होत नाही. दोघांनाही तो पक्ष्यांकडून मिळालेला असू शकतो. १८८९ची साथ इन्फ्लुएन्झाची नव्हती, ती कोरोनाविषाणूची होती, असेही काही संशोधकांचे मत आहे.

घोड्यांचा विषाणू प्रत्यक्ष हाती लागला तो १९५६ मध्ये, प्राग शहरात. तो एच७एन७ प्रकारचा होता. १९६३ मध्ये अमेरिकेत मायामी येथे दुसरा, एच३एन८ प्रकारचा विषाणू सापडला. पहिला प्रकार १९८०च्या सुमारापासून आढळलेला नाही. त्यामुळे आज घोड्यांचा फ्लू म्हणजे व्यवहारात एच३एन८च.

विषाणू हाती आल्यावर प्रश्न प्रयोगशाळेत गेला. १९६५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मायामीचा विषाणू स्वयंसेवकांच्या नाकात सोडला. काहींना लागण झाली, त्यांच्याकडून विषाणू परत मिळवता आला आणि काहींना सौम्य आजारही झाला. पुढे उलट प्रयोगात माणसांतला ‘हाँगकाँग फ्लू’चा विषाणू घोड्यांना दिला गेला, तेव्हा त्यांनाही सौम्य लागण झाली. म्हणजे दोन्हींमधली भिंत अभेद्य नव्हती. पण मोठ्या मात्रेत मुद्दाम दिलेला विषाणू रुजणे वेगळे आणि तबेल्यात माणसाला आपोआप लागण होऊन ती पुढे दुसऱ्या माणसाला देणे वेगळे.

या भिंतीचे एक कारण पेशींच्या पृष्ठभागावर आहे. विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी तिच्यावरील सियालिक आम्लाच्या रेणूला चिकटतो. हा रेणू शेजारच्या शर्करेला दोन प्रकारे जोडलेला असतो. घोड्याच्या श्वासनलिकेत एक प्रकार प्रबळ असतो, माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात दुसरा. घोड्यांच्या विषाणूचे प्रथिन पहिल्या प्रकाराला नीट बसते, त्यामुळे माणसाच्या नाका-घशात त्याला पाय रोवणे अवघड जाते.

तरीही हा विषाणू दुसऱ्या प्राण्यात स्थिरावू शकतो, हे २००४ मध्ये दिसले. फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये श्वसनाचा आजार पसरला आणि काही कुत्रे मेले. त्यांच्यात मिळालेला विषाणू थेट घोड्यांचाच एच३एन८ होता. तो कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरू लागला आणि त्याची स्वतंत्र शाखा तयार झाली.

ऑगस्ट २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेली साथ मानवी धोक्याच्या अभ्यासासाठी महत्त्वाची ठरली. तोवर हा देश या रोगापासून मुक्त होता. जपानहून आलेल्या घोड्यांबरोबर विषाणू सिडनीजवळच्या विलगीकरण केंद्रात आला. तो एखाद्या माणसाच्या अंगावरून, कपड्यांवरून किंवा साहित्यावरून बाहेर पडला असावा, असा निष्कर्ष कॅलिनन चौकशी आयोगाने काढला. काही महिन्यांत ७० हजारांहून अधिक घोडे आजारी पडले. घोड्यांची ने-आण बंद करून आणि लस टोचून साथ वर्षअखेर आटोक्यात आली. आजारी घोड्यांच्या सान्निध्यात राहिलेल्या लोकांच्या रक्ततपासणीत मात्र संसर्गाचा ठोस पुरावा मिळाला नाही. या साथीत माणूस रोगी म्हणून समोर आला नाही, वाहक म्हणून आला.

भारतात १९८७ मध्ये एच३एन८ची मोठी साथ आली आणि लुधियानात मिळालेला विषाणू पुढे संदर्भासाठी वापरला गेला. २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा येथे, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या तट्टू-खेचरांच्या गावी, ती पुन्हा उद्भवली आणि म्हैसूर, अहमदाबादपर्यंत गेली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विषाणू वेगळे करून लस तयार केली.

एच३एन८ हे नाव मात्र एकाच विषाणूचे नाही. २०२२ मध्ये चीनमध्ये माणसाला या प्रकाराची पहिली लागण नोंदली गेली, पण तो विषाणू पक्ष्यांमधला होता. १९८९ मध्ये ईशान्य चीनमध्ये घोड्यांचा बळी घेणाऱ्या साथीचा विषाणूही थेट पक्ष्यांकडून आलेला होता. घोड्याच्या शरीरात नवा विषाणू बाहेरून येऊ शकतो, हे त्यावरून दिसते. तबेल्यातून नैसर्गिकरीत्या माणसांत पसरलेली साथ आजवर सिद्ध झालेली नाही. त्यामुळे सध्याचा धोका कमी मानला जातो. घोड्यांना नियमित लस देणे, आयात जनावरांचे विलगीकरण, आजारी घोडा हाताळल्यावर हात-कपड्यांची स्वच्छता आणि विषाणूंमधल्या बदलांवर लक्ष ठेवणे, हे त्यावरचे उपाय आहेत.