सातखणीच्या सावलीत

मागे एकदा वर्गातल्या मुलांना घेऊन रेवदंड्याच्या किल्ल्यात गेलो होतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकावणारा उंच मनोरा पाहून एकाने विचारलं, "सर, हे परक्यांचं आहे ना? मग आपण कशाला बघायचं?"

तो मनोरा म्हणजे सातखणी. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या सांता बार्बारा चर्चचा उरलेला भाग. मूळचा सात मजल्यांचा, म्हणून हे नाव.

पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने. म्हणजे ज्या वस्तीत हे चर्च उभं राहिलं, तिला जागा एका मुसलमान सुलतानाने दिली. पुढे १५७०-७१ मध्ये त्याच घराण्यातल्या मुर्तजा निजामशहाने तिला वेढा घातला, पण ती जिंकता आली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोयीची तेवढी एकच उचलून मुलांना सांगणं मला जमत नाही.

१७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे गेलं. पोर्तुगीज निघून गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. पण खाडीपलीकडे कोर्लईला ख्रिस्ती कुटुंबं राहिली. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली त्यांची बोली आजही तिथे घरात ऐकू येते. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. भिंती ढासळल्या, बोली टिकली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. म्हणून मुलांना म्हटलं, तुमच्या तोंडचे शब्द तपासा. पाव, बटाटा, चावी, पगार, पाद्री हे सगळे पोर्तुगीजमधून आलेले. उर्दूत चर्चला आपण 'गिरजा' म्हणतो, तोही त्यांच्या 'इग्रेजा'वरून. रोज जिभेवर असलेलं परकं कसं?

हा प्रश्न मला टोचला, त्याला कारण आहे. जवळच चौलमध्ये हमामखाना आहे, जुन्या मशिदीचे अवशेष आहेत. दहाव्या शतकात अल-मसूदीने सैमूर बंदरातल्या मुसलमान वस्तीबद्दल लिहिलं, ते सैमूर म्हणजे हेच चौल. तरी "हे परक्यांचं" हे शब्द त्या अवशेषांबद्दलही ऐकावे लागतात. आपल्या वारशासाठी जो न्याय आपण मागतो, तो सातखणीलाही द्यायला हवा.

परतताना तोच मुलगा मागे रेंगाळला. मान वर करून मनोऱ्याचे मजले मोजत होता. मी हाक मारली नाही. मोजू दिले.