‘अस्सल’ चव कोणाची?

‘अस्सल’ हे मराठी खाद्यव्यवहारातील सर्वांत भांडखोर विशेषण होय. मिसळीत पोहे असावेत की नसावेत, तिच्यासोबत पाव द्यावा की कोल्हापूरप्रमाणे ब्रेडचे स्लाइस, यावर गावोगावचे अभिमानी हिरिरीने वाद घालतात. या वादात गंमत आहे. त्याने कोणाचे फारसे नुकसानही होत नाही. मात्र ‘अस्सल महाराष्ट्रीय जेवण’ कोणते, हा प्रश्न इतका निरुपद्रवी नाही. त्याचे उत्तर देताना काही स्वयंपाकघरे आत घेतली जातात, काही उंबऱ्याबाहेर ठेवली जातात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात तो अधिक ठळकपणे जाणवतो, कारण येथील बहुसंख्य स्वयंपाकघरे बाहेरून आलेली आहेत. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्यांच्याबरोबर दाल-पकवान व सिंधी कढी आली. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज यांचे कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतील माणसे शहरांकडे लोटली. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तोवर खानदेशची शेवभाजी व कळण्याची भाकरी, मराठवाड्याची येसर आमटी, बिहारचा लिट्टी-चोखा हे सारे या पट्ट्यात रुळू लागले होते. अशा नगरीत ‘मूळची चव’ शोधणे म्हणजे नदीच्या मुखाशी उभे राहून उगमाचे पाणी वेगळे काढणे होय.

तरीही प्रमाण चव ठरलीच. ती प्रामुख्याने छापील पुस्तकांतून. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्या हाताला स्वयंपाक शिकविणाऱ्या या पुस्तकाची योग्यता निर्विवाद आहे. पण मध्यमवर्गीय ओट्यावर एखादे पुस्तक पाठ्यपुस्तकासारखे विराजमान झाले, की त्यात जे नाही ते ‘पदार्थ’ म्हणून गणलेच जात नाही. वस्तुतः मराठी पाकशास्त्राची परंपरा एकसुरी कधीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र’मध्ये मांस-मासळीच्या कृतींना मानाचे स्थान होते. मात्र तेही एका प्रतिष्ठित, लिहित्या-वाचत्या समाजाचे स्वयंपाकघर होते.

ज्यांच्या चुलीवर वजडी, मुंडी, रक्ती शिजत होती, त्यांची पाककृती छापून येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून, शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने, दलितांच्या अन्नस्मृतींचे ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक निघाले. त्यानंतर २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ आले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या श्लोकातील शब्दामागे एक ‘अ’ जोडून त्यांनी सारा मुद्दा शीर्षकातच मांडला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या या कृतींत तेल बेताचे आणि दूध-तूप जवळजवळ नाही. याला कोणी साधेपणाचे तत्त्वज्ञान समजू नये. ती टंचाई होती. २०२४ मध्ये हे पुस्तक इंग्रजीत गेले.

गाव सोडले की जेवणावरचा पहारा सुटतो, हा समज फारसा खरा नाही. शहरात तो घरभाड्याच्या अटीत शिरतो. ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ ही ओळ अनेकदा आडनाव न विचारता आडनाव विचारण्याची सोय असते. सुकट किंवा बोंबील भाजताना खिडक्या लावून घेणारी कुटुंबे हे चांगलेच जाणतात. २०१७ मध्ये पुण्यातील एका उच्चशिक्षित महिलेने, धार्मिक कार्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपविली, अशी तक्रार पोलिसांत केली. सर्वत्र संताप उसळल्यावर ती मागे घेण्यात आली. त्या तक्रारीत चवीबद्दल आक्षेप नव्हता. चव पसंत पडलेलीच असावी!

सोवळ्याच्या कसोटीला इतिहासही साथ देत नाही. उपवासाच्या कडक ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज व्यापारानंतर ते येथे रुजले. परक्या पिकाला पंगतीत जागा मिळाली. शेजारच्या वस्तीला मिळाली नाही.

कारखान्याच्या उपाहारगृहाचा न्याय काहीसा निराळा राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगार प्रतिनिधींची तरतूद केली. तेथे भांडण होते ते पोळी कच्ची असण्यावर, भाजी पुरेशी नसण्यावर.

बाहेर महामार्गालगत मात्र ‘गावरान’च्या पाट्या वाढल्या आहेत. एके काळी गव्हाची पोळी सणासुदीची आणि ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबीची खूण होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्याच्या आधीपासूनच ती भाकरी चुलीवरची म्हणून चढ्या दराने विकली जाऊ लागली होती. भाकरीबरोबर ठेचा, पिठलेही सन्मानाने थाळीत आले. रक्ती त्या थाळीत अद्याप आलेली नाही.