आकडा आणि त्याचे एकक : व्हीओटेबलचा पुणेरी अध्याय

निरीक्षणांचे तक्ते एका वेधशाळेकडून दुसरीकडे जातात, तेव्हा नुसते आकडे पाठवून भागत नाही. रेडिओस्रोताच्या नोंदीतील ‘१२०’ हा आकडा जान्स्कीत आहे की मिलिजान्स्कीत, हे कळले नाही तर निष्कर्ष हजारपटीने चुकतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ स्वरूपाने असा तपशील फाइलच्या शीर्षभागात ठेवला. १९९८ मध्ये एक्सएमएल आले आणि त्याच्या आधारे २००२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ‘व्हीओटेबल’ सिद्ध केले. त्यात प्रत्येक स्तंभासाठी ‘फील्ड’ ही खूण असते आणि स्तंभाचे नाव, प्रकार व एकक तिच्यातच नोंदवता येते.

या स्वरूपाच्या जडणघडणीत पुण्याचा वाटा आहे. ‘आयुका’ ही संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी–इंडिया’ प्रकल्पात व्हीओटेबल वाचणारा सी प्लस प्लस पार्सर आणि आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ विकसित केले.

पण त्यासाठी स्वतंत्र पार्सर कशाला? युनिक्सचा ‘ग्रेप’ १९७०च्या दशकापासून हाताशी होताच. अडचण अशी की ग्रेप ओळीओळीने वाचतो, तर एक्सएमएलचा अर्थ खुणांच्या एकात एक गुंफलेल्या रचनेत असतो. संपूर्ण तक्ता एकाच ओळीत लिहिला तरी तो वैधच ठरतो. ग्रेपने आकडा सापडतो. तो कोणत्या स्तंभातला, हे मात्र मागेच राहते.

म्हणून रचना जाणणारी साधने वापरावीत. ‘एक्सएमएललिंट’ १९९९ च्या एक्सपाथ भाषेतील प्रश्नांची उत्तरे देते. मात्र नव्या व्हीओटेबल फाइलींना नेमस्पेस असते. ते न सांगता ‘फील्ड’ मागितल्यास हाती काहीच लागत नाही. ब्रिस्टलच्या मार्क टेलर यांचे ‘स्टिल्ट्स’ एकाच आज्ञेत व्हीओटेबलचे सीएसव्ही करून देते. परंतु त्या सीएसव्हीत स्तंभांची नावे उरतात, एकके गळतात.

नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्‌झ सर्वेक्षणाची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची सुमारे ६ लाख २० हजार स्रोतांची आहे. आज दिल्लीच्या द्वारकेत बसलेला विद्यार्थीही ती व्हीओटेबल रूपात उतरवून घेऊ शकतो. त्याने आकडे वेगळे काढण्याआधी सर्व ‘फील्ड’ खुणा एका फाइलीत उतरवून ठेवाव्यात. सहा महिन्यांनी आलेख काढताना ‘१२०’ म्हणजे किती, याचे उत्तर त्याच फाइलीत मिळेल.